शिळेवरचा आकडा, घरातले नाव
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



दोन महायुद्धांतील आपल्या तरुणांच्या कामगिरीवर चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. पराक्रमाचे पोवाडे गाणारे आपल्यात पुष्कळ आहेत. आम्ही पडलो शिक्षक. हजेरीपटाची सवय सुटत नाही. तेव्हा आज हजेरीच घेतो.

कोकणात व देशावर कित्येक गावी एक संगमरवरी पाटी दिसते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके पुरुष गेले व त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच तिच्यावरील मजकूर. नाव बहुधा एकाचेही नसते.

पाटी गावची, पण रीत साऱ्या साम्राज्याची होती. मेसोपोटेमियातील कुत येथे सहावी पुणे डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात सापडली. तीत १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. अन्न संपत आले तेव्हा घोडे मारले गेले. धर्मभयाने आपल्या शिपायांनी ते मांस कित्येक दिवस नाकारले. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. पुढे कैद्यांना वाळवंटातून चालविले, त्यात कितीतरी वाटेतच गेले. बसरा येथे १९२९ साली चाळीस हजारांहून अधिक मृतांचे स्मारक उभे राहिले. त्यावर गोऱ्या शिपायाचे नाव कोरले. हिंदी अधिकाऱ्याचेही कोरले. हिंदी शिपायाचा मात्र पलटणीखाली नुसता आकडा. हा भेद झाल्याचे मान्य करून स्मारक आयोगाने क्षमा मागितली, ती २०२१ साली!

हीच ११० वी पलटण १९२२ च्या पुनर्रचनेत पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण झाली. तिच्यातले नाईक यशवंत घाडगे आपल्या शेजारच्या माणगाव तालुक्यातील पळसगावचे, वय अवघे बावीस. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज सारे ठार वा जखमी झाले. घाडगे एकटे धावून गेले. हातबॉम्बने त्यांनी मशीनगन व ती चालविणारा निकामी केला, एकास गोळी घातली आणि मॅगझीन बदलण्यास अवधी नाही असे पाहून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळविले. जिंकलेल्या त्याच मोर्च्यात शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची समाधी कोठेही नाही. पण कॅसिनोच्या स्मारकावर त्यांचे नाव आहे. पलटण तीच, बाप-चुलत्यांच्या पिढीचा आकडा राहिला, मुलाचे नाव लागले.

आता आपल्या घरांकडे वळू. भातखाचरे तोकडी, भाऊ तीन-चार. एक मुंबईच्या गिरणीत, एक-दोन पलटणीत आणि एक घरी नांगराशी, अशी वाटणी घरोघर असे. पलटणीतल्याची मनीऑर्डर येई, तीवर शेतसारा भागे. घरी राहिलेल्याने दोघांचीही मुले वाढविली. त्याला पदक कोण देणार?

आम्ही खेड तालुक्यात नोकरीस असताना एका वृद्ध बाईंनी पत्र्याच्या पेटीतून एक पदक काढून दाखविले. सासरे व चुलतसासरे, दोघे भाऊ पहिल्या युद्धात गेले होते. शिपायाचे ते युद्धपदक चांदीचे. एकाचे पदक अडीअडचणीत सोनाराने आटविले. दुसऱ्याच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरे होती, ती आम्ही भिंगातून वाचली: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. बाईंनी पुन्हा एकदा वाचावयास लावले. मग विचारले, "मास्तर, आणि भावोजींचा नंबर?" घरात ‘भावोजी’ याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या गृहस्थांचे पाळण्यातले नावही त्यांना ठाऊक नव्हते.

म्हणून मंडळास आमची विनंती अशी की, पुढील स्मरणिकेत चार पाने या नावांसाठी राखावीत. ज्यांच्या घरी डिस्चार्जचा कागद, पदक वा जुने पाकीट असेल, त्यांनी नंबर प्रथम उतरवून घ्यावा. एका पलटणीत गणपत आणि धोंडू डझनांनी असत. गाव लिहावे, वाडी लिहावी, आणि पलटणीत न गेलेल्या भावांची नावेही त्याच ओळीत लिहावीत. माहेरवाशिणींना अवश्य विचारावे, त्यांना पुष्कळ ठाऊक असते. पदक आटविले असल्यास तेही लाज न बाळगता लिहावे. वही आम्ही आजच घातली आहे. ती दाराजवळच्या टेबलावर आहे.