पाहुणीची फिर्याद



ज्या शाळेने मला अक्षरओळख करून दिली, तिच्याच सभागृहात गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ चार शब्द बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी संस्थाचालकांचा ऋणी आहे. आज मी निवडलेला विषय अप्रिय आहे. परमुलखात गेलेली एखादी प्रवासी स्त्री आपल्यावर लैंगिक अत्याचार झाल्याची फिर्याद करते, तेव्हा समाज काय बोलतो, हा तो विषय. शाळेत हे कशाला, असे कोणाच्या मनात आले असेल. परंतु अशा प्रसंगी काय बोलावे आणि काय बोलू नये हे घरात शिकवले जात नाही, चावडीवर तर चुकीचेच शिकवले जाते. मग शाळेनेही तोंड फिरवले, तर ते शिकवायचे कोणी?

आपले बुऱ्हाणपूर हे वाटसरूंचे शहर आहे. १६१५ साली इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून अजमेरकडे जाताना येथेच शाहजादा परवीझला भेटला. पुढे फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए येथून गेला. आजही दर्गाह-ए-हकीमीच्या जियारतीसाठी देशोदेशीचे बोहरा भाविक येतात. असीरगड आणि कुंडी भंडारा पाहायला प्रवासी येतात. त्यांचा पहिला मुक्काम कित्येकदा आपल्या बुधवाऱ्यासारख्या पेठांतून होतो. तेव्हा परकी पाहुणी हा आपल्यासाठी वर्तमानपत्रातला विषय नाही, दारातला आहे.

आपल्याच राज्यातील एका घटनेपासून आरंभ करतो. मार्च २०१३ मध्ये स्वित्झर्लंडचे एक दांपत्य सायकलवरून ओरछाहून आग्र्याकडे निघाले होते. दतिया जिल्ह्यात एका गावाजवळ त्यांनी तंबू ठोकला. रात्री काही जणांनी त्यांना लुटले, पतीला मारहाण केली आणि पत्नीवर सामूहिक बलात्कार केला. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ मधील घटनेला तीनच महिने झाले होते. न्यायमूर्ती वर्मा समितीचा अहवाल जानेवारीत आला होता. देश जागा झाला आहे असे आपण म्हणत होतो. तरीही राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांच्या पहिल्या प्रतिक्रियेत, विदेशी प्रवाशांनी आपल्या कार्यक्रमाची माहिती पोलीस अधीक्षकांना द्यायला हवी, ते नियम पाळत नाहीत, असा सूर होता. न्यायालयाने मात्र अवघ्या चार महिन्यांत, जुलै २०१३ मध्ये, सहा जणांना जन्मठेप दिली. फिर्याद वेळेवर घेतली गेली, पुरावा वेळेवर गोळा झाला, म्हणजे न्याय किती लवकर होऊ शकतो याचे हे उदाहरण आहे. आणि जीभ किती लवकर घसरते याचेही.

आता गोव्याकडे वळू. फेब्रुवारी २००८ मध्ये हणजूणच्या किनाऱ्यावर १५ वर्षांच्या एका ब्रिटिश मुलीचे शव सापडले. बुडून मृत्यू, असे पोलिसांनी सांगितले. मुलीच्या आईला ते पटले नाही. तिने पाठपुरावा केला, दुसऱ्यांदा शवविच्छेदन झाले आणि अंगावरच्या अनेक जखमा कागदावर आल्या. तपास पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. या सर्व काळात लोकांच्या तोंडी चर्चा कसली होती? मुलीला परिचितांकडे सोडून आई गोकर्णला गेलीच कशी, हिची, मुलीच्या राहणीची, पर्यटनाला बसणाऱ्या फटक्याची. २०१६ मध्ये बाल न्यायालयाने दोन्ही आरोपींना निर्दोष सोडले. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने एकाला सदोष मनुष्यवधासह अन्य कलमांखाली दोषी ठरवून १० वर्षांची सक्तमजुरी दिली, तर दुसऱ्याची सुटका कायम केली. म्हणजे अकरा वर्षे लागली. आईच्या हातून चूक झाली की नाही हा स्वतंत्र प्रश्न आहे. पण ती चूक मोजण्यात आपण इतके रमलो की मुलीचा जीव कसा गेला, हा प्रश्न मागे पडला.

मार्च २०२४ मध्ये झारखंडमधील दुमका जिल्ह्यात मोटारसायकलवरून प्रवास करणाऱ्या एका स्पॅनिश स्त्रीवर असाच प्रसंग गुदरला. त्या निमित्ताने एका विदेशी लेखकाने भारतातील प्रवासाचे आपले अनुभव मांडले, तेव्हा राष्ट्रीय महिला आयोगाच्या तत्कालीन अध्यक्षांनी सगळ्या देशाची बदनामी करू नये असे त्याला सुनावले. योगायोग पाहा, जिच्यावर प्रसंग ओढवला होता त्या स्त्रीने मात्र भारतातील लोक चांगले आहेत, आपला दोष गुन्हेगारांना आहे, असे स्पष्ट सांगितले होते. देशाची अब्रू तिने राखली. आपण ती राखायला गेलो आणि घालवून बसलो.

यावरून आपल्या प्रतिक्रियांचे चार प्रकार दिसतात. पहिला, ‘ती तेथे गेलीच का?’ दुसरा, ‘आमच्या गावाचे नाव खराब होते.’ तिसरा, ‘आत्ताच्या आत्ता फासावर चढवा.’ चौथा, ‘ती कोण, दिसते कशी, फोटो आहे का?’ वरवर पाहता पहिला आणि तिसरा परस्परविरोधी आहेत. परंतु चारही प्रकारांत एक गोष्ट समान आहे: फिर्याद ऐकून घेण्याचे कष्ट कोणीच घेत नाही. पहिला तिला न ऐकता दोषी ठरवतो, तिसरा आरोपीला न ऐकता दोषी ठरवतो. दुसऱ्याला गाव दिसते, माणूस दिसत नाही. चौथ्याला तर फक्त तमाशा हवा असतो.

कोणी म्हणेल, हा आपल्याकडचाच दोष आहे. तसेही नाही. २०१९ साली सायप्रसमध्ये सुटीसाठी गेलेल्या एका ब्रिटिश तरुणीने काही पर्यटक तरुणांविरुद्ध सामूहिक बलात्काराची तक्रार केली. पोलिसांनी तिला वकिलाविना तासन् तास प्रश्न विचारले. तिने तक्रार मागे घेतली. आणि खोटी तक्रार केली म्हणून तिच्यावरच खटला होऊन शिक्षा ठोठावण्यात आली. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती शिक्षा रद्द केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने, तिच्या तक्रारीचा तपासच नीट झाला नाही, असा निर्णय दिला. त्या तरुणांचा गुन्हा सिद्ध झाला, असे ते न्यायालय म्हणाले नाही. तपास नीट झाला नाही, एवढेच म्हणाले. हा भेद सूक्ष्म आहे, पण माझ्या आजच्या बोलण्याचा सारा भार त्यावरच आहे. तपासच झाला नाही तर फिर्यादीला न्याय मिळत नाही, आणि आरोपीलाही खऱ्या अर्थाने निर्दोषत्व मिळत नाही. दोघांच्याही वाट्याला उरते ती आयुष्यभराची कुजबुज.

परक्या स्त्रीविषयीचा संशय किती खोल असतो, याचा एक दाखला आपल्याच सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे. १९८३ च्या भोगीनभाई खटल्यात न्यायमूर्ती एम. पी. ठक्कर यांनी, पीडितेच्या साक्षीला दुजोरा मिळालाच पाहिजे असा हट्ट धरणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय, अशा आशयाचे मत दिले. निकाल पुरोगामी म्हणून गाजला, आणि तो गाजण्यासारखाच होता. परंतु त्याच निकालात भारतीय स्त्री लोकलज्जेमुळे खोटा आरोप करणार नाही असे सांगताना, पाश्चात्त्य स्त्री कोणकोणत्या कारणांनी तसा आरोप करू शकेल याची यादीही आली. एकीला विश्वास मिळाला तो लाजेच्या बळावर, आणि दुसरीला संशय मिळाला तो जन्मभूमीमुळे. नीट पाहिले तर दोघींवरही अन्यायच झाला. कारण उद्या आपली मुलगी जरा मोकळेपणाने वागली, तर तिचाही विश्वास काढून घेता येतो.

ही चूक त्याच न्यायालयाने पुढे दुसऱ्या वाटेने भरून काढली असे मी मानतो. १९९८ मध्ये अजमेरला निघालेल्या एका बांगलादेशी स्त्रीवर हावडा येथील रेल्वेच्या यात्री निवासात सामूहिक बलात्कार झाला. ती आपल्या देशाची नागरिक नव्हे, तिला भरपाई कसली, असा युक्तिवाद रेल्वेने केला. जानेवारी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि दहा लाख रुपयांची भरपाई कायम ठेवली. राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदात ‘नागरिक’ हा शब्द नाही, ‘व्यक्ती’ हा शब्द आहे. जगण्याचा आणि सन्मानाचा हक्क या भूमीवर पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला आहे, असा त्या निकालाचा अर्थ. विद्यार्थी मित्रांनो, नागरिकशास्त्राच्या वहीत हा एक शब्द अधोरेखित करून ठेवा.

आता एक कबुली द्यायची आहे. ती देण्यापूर्वी मी संबंधितेची परवानगी घेतली आहे. माझी एक भाची नोकरीनिमित्त परदेशी असते. तिकडूनच एका तिसऱ्या देशात ती सहलीला गेली होती. तेथे मुक्कामाच्या ठिकाणी एका माणसाने तिच्यावर हात टाकला. ती निसटली, पोलीस ठाण्यात गेली, आणि तेथून तिने मला दूरध्वनी केला. ती सांगत होती. मी, तिचा मामा, चार बुके शिकलेला, सभांतून स्त्रीशिक्षणावर बोलणारा माणूस, पहिला प्रश्न काय विचारावा? “एवढ्या रात्री तू एकटी कशाला गेलीस?” पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग ती म्हणाली, “मामा, येथल्या फौजदारानेही हेच विचारले. तो परका होता म्हणून मी तुम्हाला फोन केला.”

त्या वाक्याने मला जे शिकवले ते कोणत्याही ग्रंथाने शिकवले नव्हते. पाहुणीला विचारलेला प्रश्न फिरून आपल्याच लेकीच्या अंगावर येतो. आज बुऱ्हाणपुरातल्या किती घरांतील मुली पुण्याला, इंदूरला, बंगळूरला आणि साता समुद्रांपार आहेत! त्या तेथल्या पाहुण्याच आहेत. तेथल्या चावडीने त्यांच्याशी जसे वागावे असे आपल्याला वाटते, तसेच आपल्या चावडीने वागायला नको का?

मग करावे काय? येथे मला गुरुजींची आठवण येते. आमच्या वर्गात एक नवी मुलगी आली होती. वडील रेल्वेत, बदली होऊन आलेले. तिची कंपासपेटी नाहीशी झाली. वर्ग हसला, नवी आहे, कुठेतरी विसरली असेल, असे आम्ही ठरवून टाकले. गुरुजींनी वही उघडली, वार, तास, कोण कोठे बसले होते हे सारे लिहून घेतले आणि म्हणाले, “लिहून घेतले म्हणजे मान्य केले असे नव्हे. पण लिहून घेतले नाही तर पुढे विचारायला काहीच उरत नाही.” पेटी सापडली की नाही हे आज मला आठवत नाही. लहान गोष्टीची मोठ्या दुःखाशी तुलना करू नये हेही खरे. तरी नियम तोच आहे.

कायदाही हेच सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, फिर्याद कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते. पीडितेवर सरकारी वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने विनामूल्य उपचार करायचे असतात. तिची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. तेव्हा अशी कोणी आपल्या दाराशी आली, तर तिला आत घ्यावे, पाणी द्यावे, तिची भाषा कळणारे माणूस शोधावे, डॉक्टरकडे आणि ठाण्यावर सोबत जावे. तिचे नाव शेजाऱ्यालाही सांगू नये. आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याच्या घरावर दगड भिरकावू नये. निवाडा न्यायालयाने करावा. साक्ष पुसली जाणार नाही एवढे आपण पाहावे.

गावाची अब्रू तेथे गुन्हा घडल्याने जात नाही. गुन्हे सर्वत्र घडतात. रडत आलेल्या माणसाला गावाने दाराबाहेर उभे ठेवले, की ती जाते. भाचीला मी विचारलेला प्रश्न परत घेता येत नाही. पण तुमच्यापैकी कोणाला कधी तसा फोन आला, तर पहिले वाक्य ‘तू आता सुरक्षित आहेस ना?’ हे असावे, एवढीच गुरुजींच्या स्मृतीस साक्षी ठेवून माझी विनंती आहे.