कागदात जेवणाचं लिहा



बसवकल्याणात उभं राहून म्हातारपण आणि मिळकत यांवर बोलायचं, तर आधी विज्ञानेश्वरांना नमस्कार करायला हवा. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य १०७६ साली कल्याणीच्या, म्हणजे याच गावच्या, गादीवर आला. त्याच्या राजवटीत विज्ञानेश्वरांनी याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. पुढं बंगाल-आसामचा भाग सोडला, तर बहुतेक देशात हिंदूंच्या एकत्र कुटुंबाचा आणि वडिलोपार्जित जमिनीचा निवाडा याच ग्रंथाच्या आधारे होत राहिला. आज एखादा तरुण माझ्या ऑफिसात येऊन म्हणतो, “बापाच्या जमिनीत माझा जन्मापासून हक्क आहे.” तो नकळत विज्ञानेश्वरांचंच बोलत असतो. पण मिताक्षरा परंपरेनं दुसरीही गोष्ट तितक्याच ठामपणे सांगितली होती. म्हाताऱ्या आईबापांना सांभाळणं हे मुलाचं स्वतःचं कर्तव्य आहे, मग बापाकडून मिळकत मिळालेली असो वा नसो. आमच्या गावांत पहिलं सगळ्यांना पाठ आहे. दुसरं सांगायला मी आज उभा आहे.

आपल्या भागातली अडचण थोडी वेगळी आहे. १ नोव्हेंबर १९५६ला जुना बिदर जिल्हा फुटला. उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, बिदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. सोयरिकी मात्र होत्या तिथंच राहिल्या. भालकीच्या घरात उदगीरची सून आणि देवणीला दिलेली लेक असतेच. मुलगा पुण्यात किंवा हैदराबादला कामाला. आईवडील इथं, शेत इथं, आणि शेताचा कागद कन्नडमध्ये. त्याआधीचा कागद काढला तर उर्दूत. म्हणजे आजोबांना कळला नाही तो कागद वेगळ्या लिपीत होता आणि नातवाच्या काळात आजीला कळत नाही तो वेगळ्या. कन्नड ही आपल्या राज्याची भाषा आहे, तिच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. माझी वकिली त्याच भाषेत चालते. पण सत्तरीतल्या बाईनं आपली पाच एकर जमीन देऊन टाकताना काय लिहिलंय ते तिला समजलंच पाहिजे.

औराद तालुक्यातल्या अशाच एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. पिशवीत चार घड्यांचा कागद, घड्या विरलेल्या. मुलाच्या नावानं केलेलं बक्षीसपत्र. प्रत्येक पानावर त्यांच्या अंगठ्याचा निळा ठसा. पीककर्ज काढायचंय म्हणून नावावर करून दे, असं सांगून मुलानं सबरजिस्ट्रारकडे नेलं होतं. फेर झाला, पहाणीला, म्हणजे शेताच्या हक्कनोंदीला, मुलाचं नाव लागलं. पुढच्या वर्षी बाईंची चूल वेगळी झाली आणि मग चुलीला सरपणही मिळेना. मी तो कागद पहिल्या ओळीपासून मराठीत सांगत गेलो. सर्वे नंबर, पूर्वेला ओढा, पश्चिमेला भावकीचं शेत, विहिरीतलं पाणी, आंब्याची दोन झाडं, सगळं आलं. शेवटी ‘प्रेमापोटी, स्वखुशीनं’ हेही आलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, “वकील सायब, ह्याच्यात माझ्या जेवणाचं कुठं हाय?”

ते नव्हतं. आणि कायद्याचा सगळा प्रश्न तिथंच येऊन थांबतो.

२००७ साली संसदेनं आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा कायदा केला. त्याचं कलम २३ सांगतं की हा कायदा लागू झाल्यानंतर ज्येष्ठानं सांभाळाच्या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्यानं सांभाळलं नाही, तर तो व्यवहार फसवणुकीनं किंवा दबावानं झाला असं मानून न्यायाधिकरण तो रद्द करू शकतं. यात ‘अटीवर’ हा भाग फार महत्त्वाचा. डिसेंबर २०२२मध्ये सुदेश छिकारा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अशी अट होती हे दाखवावं लागेल, नुसतं मूल सांभाळत नाही एवढं पुरत नाही. जानेवारी २०२५मध्ये ऊर्मिला दीक्षित यांच्या खटल्यात त्याच न्यायालयानं कायद्याचा हेतू पाहून उदार अर्थ लावला, बक्षीसपत्र रद्द केलं आणि मध्य प्रदेशातल्या त्या आईला घर परत देवविलं. पण त्या आईच्या हातात मुलाच्या सांभाळाच्या कबुलीचा लेखी कागद होता. न्यायालय कितीही दयाळू झालं तरी ते कागदावर बोट ठेवूनच दया करतं. म्हणून वकील मित्रांना आणि दस्तलेखकांना माझी विनंती आहे: छापील मसुद्यात नाव-गाव भरून बक्षीसपत्र तयार करू नका. जेवण, औषधपाणी, राहती खोली, महिन्याची रक्कम, हे सगळं त्यात लिहा. सर्वे नंबरइतकंच नेमकं लिहा.

त्याहून चांगलं म्हणजे जिवंतपणी देऊच नका. जवळच्या नात्यातल्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्कात मोठी सवलत असते, म्हणून घाई केली जाते. मृत्युपत्राला तर मुद्रांकच लागत नाही. नोंदणीची सक्ती नाही. दोन साक्षीदारांसमोर सही किंवा अंगठा आणि त्या दोघांच्या सह्या, एवढं कायदा मागतो. वाटेकऱ्यालाच साक्षीदार करू नये, गावातल्या डॉक्टरांना करावं, म्हणजे पुढं शुद्धीत होते की नाही हा वाद उरत नाही. आणि मृत्युपत्र मराठीत लिहिता येतं. ते मनात आलं तर बदलताही येतं. जुन्या मिताक्षरा कायद्यात एकत्र कुटुंबातल्या माणसाला आपला अविभक्त हिस्सा मृत्युपत्रानं देता येत नसे. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम ३०नं तो हक्क दिला, आणि आपण तो जवळजवळ वापरलाच नाही.

विधवा आईबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. नवरा गेला की पौती खात्यासाठी, म्हणजे वारसांच्या फेरासाठी, अर्ज होतो आणि पहाणीला फक्त मुलांची नावं लागतात. आई आणि बहिणी गळतात. कायद्यानं नवऱ्याच्या मिळकतीत बायको मुलाइतकीच पहिल्या वर्गाची वारस आहे, मुलगीही. आईचं नाव लावायला सांगणं हा भावाभावांतला अविश्वास नव्हे. ज्या घरात ते नाव राहिलं, त्या घरात आईला विचारल्याशिवाय शेत विकलं जात नाही, हे मी पाहिलं आहे.

ज्यांच्याकडे शेतच नाही त्यांनी निराश होऊ नये. चरितार्थ मागायला मिळकत दिलेली असावी लागत नाही. साठी पूर्ण झालेली किंवा त्याआधीचीही आई आपल्या कोणत्याही सज्ञान मुलाकडून, मुलीकडून, नातवाकडून तो मागू शकते. धर्म कोणताही असो. मूल नसेल तर जो वारस होणार आहे त्या नातेवाइकाकडून. अर्ज सहायक आयुक्तांकडे, म्हणजे आपल्या बोलीत एसी ऑफिसात. मुलगा पुण्यात असला तरी आईनं पुण्याला जायचं कारण नाही, ती राहते तिथंच अर्ज चालतो. नोटीस पोचल्यापासून नव्वद दिवसांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो, फार तर तीस दिवस वाढ. रकमेवर महिना दहा हजारांची मर्यादा आहे. ती उठवणारं विधेयक २०१९मध्ये लोकसभेत आलं आणि तसंच व्यपगत झालं. आजच्या औषधांच्या किमती पाहता ही मर्यादा अन्यायकारक आहे आणि या व्यासपीठावरून मी ती उठवण्याची मागणी करतो. याच कायद्याच्या आडून सुनेला घराबाहेर काढण्याचे अर्जही येतात, त्यांची वकिली आपण करू नये. एस. वनिता खटल्यात २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सुनेचा राहत्या घराचा हक्क असा सरसकट पुसता येत नाही असं सांगितलं, ते योग्यच झालं.

विस्मरणाच्या आजाराबाबत घरच्यांना एक गोष्ट ठाऊक नसते. वडिलांनी दिलेलं मुखत्यारपत्र वडिलांचं भान गेलं की संपतं. मग बँकेतले त्यांचेच पैसे त्यांच्या औषधाला काढायचे तर पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयापर्यंत जावं लागतं. कलबुर्गीला २०१३पासून कायम खंडपीठ आहे, बंगळूर गाठावं लागत नाही, एवढाच दिलासा. भान असतानाच खातं संयुक्त करा, वारसनोंद करा. शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं २०१८ला मान्य केला, २०२३ला त्याची रीत सोपी केली, आणि जानेवारी २०२५मध्ये कर्नाटकच्या आरोग्य खात्यानं तसं परिपत्रकही काढलं. आयसीयूच्या दारात भावंडं भांडण्यापेक्षा हे घरी बसून लिहिलेलं बरं.

आता भाषेबद्दल. संविधानाच्या अनुच्छेद ३५०नुसार राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणं मांडता येतं. मराठीत लिहिलेला अर्ज एसी ऑफिसात भाषेच्या कारणानं परत करता येणार नाही. तरी मी म्हणेन, एका बाजूला मराठी आणि एका बाजूला कन्नड असा अर्ज द्या. अधिकाऱ्याला वाचता येतो आणि अर्जदारालाही. न्यायाधिकरणासमोर वकिलाला उभं राहू न देणारं कलम १७ या कायद्यात आहे, पण अर्ज लिहून द्यायला कुणी अडवत नाही. आणि स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाची मदत मोफत मिळते, हे प्रत्येक गावात सांगायला हवं.

दुपारच्या सत्रात चार मसुदे चर्चेला ठेवले आहेत: मराठी-कन्नड चरितार्थ अर्ज, सांभाळाच्या अटीसह बक्षीसपत्र, साधं मृत्युपत्र, आणि आईचं नाव पहाणीला लावण्याचा अर्ज. त्यातल्या बक्षीसपत्राच्या शेवटी मी एक कलम सुचवलं आहे. दस्त देणाऱ्याला त्याच्या भाषेत पूर्ण वाचून दाखवला, ज्यानं वाचला त्याचं नाव आणि सही. या कलमावर सर्व वकिलांनी आपलं मत द्यावं. त्या सहीची जबाबदारी घ्यायला आपल्यापैकी कोण तयार आहे, ते सत्र संपण्याआधी नावानिशी ठरवूया.