कारले : पानातले आणि पेल्यातले
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आरोग्याविषयी चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. आम्ही वैद्य नव्हे की डॉक्टर नव्हे. खडू आणि फळा यांच्या संगतीत उभा जन्म घालविलेले शाळामास्तर आहोत. म्हणून मोठे विषय जाणत्यांकडे सोपवून आम्ही आपणां सर्वांच्या परिचयाची एक भाजी निवडली आहे. ती म्हणजे कारले.

आपल्या भाषेने कारल्याची गय केलेली नाही. तुपात तळले, साखरेत घोळले, तरी कडू ते कडूच, असे म्हणून न पालटणाऱ्या स्वभावाला आपण त्याची उपमा दिली. तरीही पूर्वजांनी त्याला पानावरून उठविले नाही. संस्कृतात त्याचे नाव कारवेल्लक. आयुर्वेदाने सहा रसांत ज्याला तिक्त म्हटले, तोच आपला कडू रस. तिखटाला तेथे कटु म्हणतात. अनेक घरी श्राद्धाच्या स्वयंपाकातही कारल्याला मान असतो.

सांप्रत मात्र कारले पानावरून उठून पेल्यात गेले आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्याने झालेली जी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात देशातील मधुमेही माणसांची संख्या सुमारे १० कोटी १० लक्ष असल्याचा अंदाज दिला आहे. आपली ज्ञाती यातून कशी सुटेल? प्रातःकाळी पेलाभर कारल्याचा रस घ्यावा, ही चाल म्हणूनच घरोघर पडली. रस घेण्यापुरतीच गोष्ट असती, तर आम्ही आपला वेळ घेतला नसता. परंतु रस चालू झाला की गोळी बंद होते, हे आम्ही पाहिले आहे. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी रसावर भिस्त ठेवून औषध सोडले. पायाला लहानशी जखम झाली, ती भरून येईना, आणि अखेर अंगठा गमवावा लागला. मनुष्य सुशिक्षित होता. दोष अज्ञानाचा नव्हता. ऐकीव गोष्टीवर ठेवलेल्या अतिविश्वासाचा होता.

मग कारल्यात गुण नाही काय? आहे; परंतु त्याचे माप ठाऊक असावे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या थायलंडमधील एका प्रयोगात काही मधुमेहींना कारल्याची २००० मिलिग्रॅम पूड रोज दिली गेली. रक्तातील साखर थोडी उतरली. परंतु मेटफॉर्मिन या नेहमीच्या औषधाच्या १००० मिलिग्रॅमने ती अधिक उतरली. २०१२ साली कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी ४ प्रयोग व ४७९ रुग्ण यांचा एकत्र विचार केला आणि कारल्याचा उपयोग सिद्ध झाला असे म्हणण्यास पुरावा अपुरा आहे, असा निर्णय दिला. प्रयोगशाळेत कारल्यातील काही द्रव्यांचा गुण दिसतो, हे खरे. पण प्रयोगशाळा वेगळी आणि माणसाचे शरीर वेगळे.

धोका दोन्ही बाजूंनी आहे. औषध सोडले तर साखर गाजावाजा न करता वाढते आणि डोळे, मूत्रपिंड व पाय यांवर घाला घालते. औषधासोबत भरपूर रस घेतला तर साखर एकाएकी उतरून घाम सुटतो, हात कापतात, भोवळ येते. म्हणून रस घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांपासून लपवू नये. गर्भवती स्त्रियांना व लहान मुलांना तर हा रस देऊच नये. ज्यांना इन्सुलिन लागते, त्यांनी ते कदापि सोडू नये. १९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे १४ वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले. तोपर्यंत अशा मुलांचे मरण केवळ लांबविता येत असे.

आता कारल्याच्या खऱ्या घराकडे, म्हणजे स्वयंपाकघराकडे वळू. कारली हिरवी, कोवळी व कडक पाहून घ्यावीत. पिवळी पडू लागलेली घेऊ नयेत. चिरून मीठ चोळून अर्धा तास ठेवावे आणि पिळावे. मीठ आतील पाणी ओढून घेते व त्याबरोबर थोडा कडूपणा निघून जातो. विद्यार्थ्यांना बटाट्याच्या फोडीवर मीठ टाकून आम्ही हाच धडा दाखवीत असू. रक्तदाब असणाऱ्यांनी फोडी पाण्यातून काढून पुन्हा पिळाव्यात.

काचऱ्या करावयाच्या तर चकत्या पातळ असाव्यात. लोखंडी तव्यावर थोड्या तेलात, झाकण न ठेवता, मंद आचेवर कुरकुरीत होईतो परताव्यात आणि वर भाजलेले तीळ व सुके खोबरे घालावे. भरल्या कारल्यांत दाण्याचे कूट, तीळ, खोबरे, गोडा मसाला व कोथिंबीर भरून चिंचेच्या कोळात शिजवावे. गोव्याकडे तळलेल्या कारल्यात ओले खोबरे व कांदा मिसळून किसमूर करतात. ते वाढतेवेळीच कालवावे, नाहीतर मऊ पडते.

येथे एक सूचना. कारले गोड व्हावे म्हणून आपण मूठभर गूळ घालतो आणि मधुमेह्याच्या पानात मोठ्या विश्वासाने वाढतो. गूळ ही साखरच आहे. मधुमेह्याची भाजी चिंच, आमसूल वा लिंबू यांवर सोडावी. १०० ग्रॅम कच्च्या कारल्यात उष्मांक अवघे १७ असतात आणि क जीवनसत्त्व सुमारे ८४ मिलिग्रॅम असते. शिजविताना त्याचा काही भाग नष्ट होतो, तरी भाजी म्हणून ते उत्तमच. तेलात बुडविले आणि गुळात घोळले की हलकेपणाचा लाभ मात्र उरत नाही.

मुलांना कारले आवडत नाही, ही मातांची तक्रार असते. सक्ती करू नये. एक काचरी पानात वाढावी आणि वडील माणसांनी तोंड वाकडे न करता आपली वाटी संपवावी. मुले ऐकण्यापेक्षा पाहून अधिक शिकतात, एवढे आमच्या नोकरीने आम्हांला शिकविले.

बंधुभगिनींनो, आमचे मागणे थोडकेच आहे. आठवड्यातून एकदोन वेळा कारले आनंदाने खावे. ते अन्न आहे. औषध डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे घ्यावे. चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा रक्त तपासून घ्यावे. अन्नाला औषधाच्या आसनावर बसवू नये. पुढील संमेलनास आपण सर्व धडधाकट पायांनी चालत यावे, ही प्रार्थना.