घरी कुणी मारतं का?



सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत एक बाई येते. डोळ्याखाली काळंनिळं, मनगट सुजलेलं. डॉक्टर विचारतात, 'काय झालं?' उत्तर शेजारी उभी असलेली सासू देते, 'मोरीत पाय घसरला हिचा.' केसपेपरवर तेवढंच उतरतं. मलम, गोळ्या, आणि बाई परत त्याच घरी. जाणती सिस्टर मात्र सासूला औषधाच्या खिडकीवर पाठवते, पडदा ओढते आणि हळूच विचारते, 'घरी कुणी मारतं का?' खरा उपचार इथून सुरू होतो, असं मी मानते.

पोलीस ठाण्याची पायरी चढायला बाई घाबरते; दवाखान्यात ती कधी ना कधी येतेच. हे ओळखून मुंबई महापालिका आणि 'सेहत' या संस्थेने दोन दशकांपूर्वीच वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू केलं. समुपदेशन तिथेच, रुग्णालयात.

दुखण्यामागे फक्त मारच असतो असं नाही; आता उसाच्या फडाकडे या. बीड जिल्ह्यात 2019 साली सरकारी समितीने 82 हजारांहून जास्त ऊसतोड बायांची पाहणी केली. 13 हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली! फडावर न्हाणीघर नाही, पाळीत कापड बदलायला आडोसा नाही, खाडा केला की मुकादम पैसे कापतो. पांढरं जातं, कंबर दुखते म्हणत बाई येते, तेव्हा तू राहतेस कुठे, उचलतेस किती, हे विचारायला नको का?

दवाखान्याची जबाबदारी विचारण्यापाशी संपत नाही. बलात्कार झालेल्या बाईवर सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने ताबडतोब आणि मोफत उपचार केलेच पाहिजेत, असं कायदा सांगतो. आधी तक्रार नोंदवून या, असं म्हणून तिला परत पाठवता येत नाही. उपचार नाकारले तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आणि वेळ फार मोलाची आहे: गर्भ राहू नये म्हणूनच्या गोळ्या आणि एचआयव्ही रोखणारी औषधं 72 तासांच्या आत, जमेल तितक्या लवकर सुरू व्हायला हवीत. आंघोळ केली, कपडे धुतले, म्हणून घरी बसू नका.

शेजारच्या घरातून रडण्याचा आवाज येत असेल, तर त्या बाईला एकटीला गाठा. 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर तिच्याकडून पाठ करून घ्या. आणि ती दवाखान्यात निघाली, तर सोबत तुम्ही जा.