चित्रकथांच्या जत्रेत



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही कामगार-कायद्यांवर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. ‘चित्रकथांच्या संमेलनावर बोलतो’ असे आम्ही म्हणताच ते क्षणभर गप्प झाले. पन्नाशी उलटलेल्या, युनियनच्या कामात केस पिकलेल्या माणसाने वेताळ आणि सुपरमॅन यांच्या गोष्टी सांगाव्यात, हे त्यांस चमत्कारिक वाटले असेल. परंतु विषय दिसतो तितका पोरकट नाही. त्यात मजुरीचा प्रश्न आहे, नावाचा प्रश्न आहे, आणि माणसांनी एकत्र जमण्याचा प्रश्न तर आहेच आहे.

आमची शाळा आठवीत सुटली. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणगावातील पुष्कळ मुलांप्रमाणे आम्हीही पुढे कामाला लागलो. त्यानंतरचे आमचे शिक्षण रद्दीच्या दुकानात झाले. तेथे इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक भाड्याने मिळत. जंगलातला वेताळ, जादूगार मँड्रेक, आबिद सुरतींचा बहादूर, ही मंडळी आमचे पहिले गुरुजी. मोठी पुस्तके आम्ही पुढे वाचली. पण वाचनाची चटक लागली ती या चित्रांनी. मात्र ही चित्रे काढली कोणी, हे आम्ही त्या वयात कधी पाहिले नाही. लुगडे घेणारी बाई साच्यावर कोण उभा होता हे कुठे विचारते? तसेच ते.

हा प्रश्न आमच्या मनात उभा राहिला तो फार उशिरा. २०२४ च्या एप्रिल महिन्यात वांद्रे-कुर्ला संकुलात चित्रकथांचे मोठे संमेलन भरले होते. अशी संमेलने आपल्या देशात २०११ पासून भरतात. पहिले दिल्ली हाटमध्ये भरले. आमच्या युनियनमधील दोन तरुण कार्यकर्ते आम्हांला मुंबईच्या संमेलनाला ओढून घेऊन गेले. संमेलन म्हणजे ठराव, परिसंवाद आणि अध्यक्षीय भाषण अशी आमची समजूत. तेथे पाहतो तो जत्रा! सोंगे घेतलेली शेकडो पोरे-पोरी. कोणी पुठ्ठ्याचे चिलखत केलेले, कोणी आईच्या साडीचा झगा शिवलेला, कोणी तोंड हिरवे रंगवलेले. आमच्याकडे बहुरूपी येत, कोकणात दशावतार होतो, त्याच जातीची ही हौस. आणि एक गोष्ट आम्ही मुद्दाम पाहिली. तेथे कोणी कोणाला हसत नव्हते. एरवी कचेरीत मान खाली घालून बसणारा मुलगा त्या दिवशी छाती काढून चालत होता, आणि अनोळखी माणसे त्याच्या सोंगाचे नाव घेऊन त्याला हाक मारीत होती. माणसाला असे एक ठिकाण लागते. वारीला जाणाऱ्याला हे निराळे सांगायला नको.

पुढच्या बाजूला मोठमोठ्या कंपन्यांचे झगझगीत गाळे होते. आम्ही मात्र रमलो ते मागच्या अंगाला. तेथे साध्या टेबलांच्या रांगा होत्या आणि प्रत्येक टेबलामागे एक चित्रकार बसला होता. इंग्रजीत या भागाला ‘आर्टिस्ट्स ॲली’ म्हणतात. आम्ही चित्रकारांची गल्ली म्हणू. एका पंचवीस-सव्वीस वर्षांच्या मुलाजवळ आम्ही थांबलो. त्याने लोकलच्या डब्यावर चित्रकथा काढली होती. गर्दीतली एकेक चर्या अशी की आमच्या ओळखीची. आम्ही जुन्या खोडीप्रमाणे विचारले, ‘दिवसाला सुटतात किती?’ तो हसून म्हणाला, ‘काका, पहिला दिवस टेबलाच्या भाड्याचा. दुसऱ्या दिवसाचं आपलं.’ एरवी तो एका कंपनीसाठी घरी बसून चित्रे काढतो. पानामागे मजुरी, छापून येते तेव्हा त्याचे नाव नसते. ‘इथे मात्र माझं नाव असतं,’ असे म्हणून त्याने टेबलावरची पाटी सरळ केली.

ती पाटी आमच्या डोक्यात राहिली. मग आम्ही या धंद्याचा इतिहास धुंडाळला. तो बहुतेक अमेरिकेचा आहे, कारण हा धंदा आणि ही संमेलने तेथेच वाढली. त्यातला थोडा आपल्यापुढे ठेवतो.

सुपरमॅन निर्माण केला जेरी सीगल आणि ज्यो शुस्टर या क्लीव्हलंडच्या दोन तरुणांनी. १९३८ साली त्यांनी त्याचे सर्व हक्क विकले, ते १३० डॉलरांना. दोघांना मिळून! पुढे प्रकाशकांनी त्यावर किती मिळवले याचा हिशेब करीत बसायला नको. तो मोबदला ज्या चेकने दिला होता तो चेकच २०१२ मध्ये लिलावात एक लाख साठ हजार डॉलरांना गेला. निर्मात्यांच्या मजुरीपेक्षा त्या मजुरीचा कागद हजारपट महाग ठरला. भांडवलशाहीवर आम्ही पुष्कळ भाषणे केली, पण एवढे बोलके उदाहरण आम्हांला दुसरे सापडले नाही.

दुसरी गोष्ट बॅटमॅनची. १९३९ साली तो छापून आला तेव्हा त्यावर नाव होते एकट्या बॉब केन यांचे. त्याचा टोकदार कानांचा मुखवटा आणि झगा सुचवणारा, ब्रूस वेन हे नाव देणारा, गॉथम हे शहर वसवणारा लेखक होता बिल फिंगर. करार केनच्या नावे, म्हणून कीर्तीही केनची. ज्याच्या हाती ससा तो पारधी! फिंगर वर्षानुवर्षे लिहीत राहिला आणि वाचकांना तो ठाऊक नव्हता.

आता पाहा, हे बिंग कोठे फुटले. १९६४ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्कमध्ये मूठभर पोरांनी चित्रकथावाचकांचा एक मेळावा भरवला. अशा मेळाव्यांपैकी तो अगदी पहिल्यांतला. आणि जागा कोणती? ‘वर्कमेन्स सर्कल’ या ज्यू कामगारांच्या परस्पर-साहाय्य संस्थेची इमारत! हे वाचले तेव्हा आम्हांला आपल्याच माणसांची गाठ पडल्यासारखे झाले. पुढल्याच वर्षी, १९६५ साली, त्याच शहरातल्या मोठ्या संमेलनात बिल फिंगर वाचकांसमोर येऊन बसला. जेरी बेल्स नावाच्या डेट्रॉइटच्या प्राध्यापकाने, जो स्वतः पक्का वाचक, त्याची हकिकत जाणून घेतली आणि त्याच वर्षी वाचकांच्या हौशी पत्रिकेत लिहून टाकली. केन यांनी ती खोटी ठरवणारे लांबलचक पत्र लिहिले. पण एकदा बाहेर पडलेले नाव पुन्हा कोंडता येत नाही.

आपल्या संतांनी ही काळजी आधीच घेतली होती. अभंगाच्या शेवटी नाममुद्रा! जनाबाई दळण दळणारी दासी. पण तिचे नाव तिच्या ओवीला असे जडले की सातशे वर्षे कोणाला काढता आले नाही. फिंगरला तेवढीही सोय नव्हती. १९७४ साली तो हलाखीत वारला. ‘बिल फिंगरसह’ असे शब्द बॅटमॅनवर आले ते २०१५ साली. मधल्या काळात त्याचे नाव जिवंत ठेवले ते वाचकांनी. आणि सॅन डिएगोच्या संमेलनात २००५ पासून उपेक्षित लेखकांसाठी त्याच्याच नावाचे पारितोषिक दिले जाते.

कोणी म्हणेल, मग वाचकांचे प्रेम पुरेसे आहे. युनियनचे काय काम? आम्ही नम्रपणे म्हणतो, प्रेमाने नाव मिळाले, पण एक्केचाळीस वर्षे उशिरा. आणि मेलेल्या माणसाला नावाची भाकरी करून खाता येत नाही. सीगल आणि शुस्टर यांना १९७५ साली वर्षाला वीस हजार डॉलरांचे निवृत्तिवेतन आणि सुपरमॅनवर नाव मिळाले, ते जिवंतपणी. कारण त्या वेळी नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन हे चित्रकार त्यांच्या मागे उभे राहिले, व्यंगचित्रकारांची संघटना उभी राहिली, वर्तमानपत्रांत बोभाटा झाला. सुपरमॅनच्या चित्रपटाची तयारी चालली होती, त्यामुळे मालकांनाही तो बोभाटा परवडणारा नव्हता. घाव नेमक्या वेळी घालावा लागतो, हे संप केलेल्या माणसाला कळते.

मग या धंद्यात युनियन लवकर का झाली नाही? प्रयत्न झाले. १९५२ च्या सुमारास बर्नार्ड क्रिगस्टीन या चित्रकाराने संघटना काढली, ती टिकली नाही. १९७८ साली ॲडम्स यांनी काढली, तीही विरली. आमच्या मते कारण सरळ आहे. गिरणीला गेट असते. भोंगा झाला की हजार माणसे एकाच दरवाजातून बाहेर येतात. तेथे स्टुलावर उभे राहिले की सभा होते. चित्रकार घरी एकटा बसतो, पानामागे मजुरी घेतो, आणि शेजारच्या चित्रकाराला पानामागे किती मिळतात हे त्याला माहीत नसते. अशा धंद्याला गेट नाही. संमेलन हेच त्याचे गेट. वर्षातून दोन-तीन दिवस शंभर चित्रकार एका गल्लीत बसतात, एकमेकांचा चहा पितात, दर विचारतात. आणि त्यांच्यासमोर उभा असतो वाचक, ज्याच्या खिशातून सगळ्यांचे पगार निघतात.

या गेटातून काय घडू शकते याची चिन्हे अलीकडे दिसू लागली आहेत. २०२१ च्या नोव्हेंबरात ‘इमेज कॉमिक्स’ या प्रकाशनसंस्थेच्या कचेरीतील कामगारांनी युनियन जाहीर केली. २०२२ च्या आरंभी मतदानात ते जिंकले. चित्रकथेच्या धंद्यात अमेरिकेत अशी ही पहिलीच. पुढे २०२३ च्या जुलैत हॉलिवूडच्या नटांचा संप सुरू झाला आणि आठवड्याच्या आत सॅन डिएगोचे संमेलन आले. लाखावर माणसे जमणारे ते संमेलन. बडे नट आले नाहीत. पण जत्रा मोडली नाही. नटांनी रिकाम्या केलेल्या जागेत लोकांचे लक्ष पुन्हा लिहिणाऱ्या-चितारणाऱ्यांकडे वळले. देव गाभाऱ्यात असतो, रोषणाईत नव्हे, हे लोकांना एका वर्षापुरते तरी दिसले.

आपल्याकडे तर हे काम आरंभालाच आहे. ‘अमर चित्र कथे’तील कृष्ण आपल्या दोन पिढ्यांच्या डोळ्यांपुढे आहे. तो राम वाईरकरांनी काढला, हे येथे बसलेल्यांपैकी कितीजणांना ठाऊक आहे? ‘नागराज’ घरोघर गेला. त्याच्या सुरुवातीच्या अंकांची चित्रे प्रताप मुळीक या मराठी चित्रकाराच्या हातची. ही नावे आम्हांलाही पन्नाशीनंतर पाठ झाली.

म्हणून आमचे मागणीपत्र अगदी लहान आहे. तरुण मित्रांनो, अशा जत्रेला जाल तेव्हा सोंगे जरूर घ्या, मजा करा. पण झगझगीत गाळ्यांवरच पैसे संपवू नका; मागच्या गल्लीत जा. चित्र घ्याल तर चित्रकाराच्या हातून घ्या, त्याचे नाव वाचा आणि दुसऱ्याला सांगा. आणि जे चितारतात त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की शेजारच्या टेबलाला पानामागचा दर विचारा, आणि आपलाही सांगा. लाजू नका. युनियनची सुरुवात याच प्रश्नाने होते.