औषध मुक्कामी पोहोचावे म्हणून



सोलापूरच्या मातीत १९१० साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि रणभूमीनजीक जखमींची शुश्रूषा करू लागले. जिथे घाव, तिथेच उपचार! पोटात जाणाऱ्या औषधी यंत्रांमागेही हेच सूत्र आहे.

इन्सुलिन गिळले तर ते अन्नातील प्रथिनांप्रमाणे पचून जाते. म्हणूनच अनेक मधुमेहींच्या नशिबी रोजची सुई येते. २०१९ साली अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी यावर वाटाण्याएवढी कुपी तयार केली. उलटे पडलेले कासव ज्या आकारामुळे आपोआप सुलटे होते, तो आकार तिला दिला. आतील स्प्रिंग साखरेच्या चकतीने रोखलेली असते. जठरात साखर विरघळते, स्प्रिंग सुटते आणि वाळवलेल्या इन्सुलिनचे टोक अस्तरात रुतते. तिथे तीक्ष्ण वेदनेची जाणीव नसते. डुकरांवरील प्रयोगांत रक्तातील साखर उतरली.

हैदराबादेत जन्मलेले मीर इम्रान यांची कुपी आतड्यात उघडते. आत वायू तयार होऊन चिमुकला फुगा फुगतो आणि विरघळणारी सुई भिंतीत ढकलतो. तिच्या माणसांवरील प्राथमिक चाचण्याही झाल्या आहेत.

परंतु बंधू-भगिनींनो, औषधाचा खरा मुक्काम कोणता? कुपी आतड्यापर्यंत पोहोचेल. पण दिवसभर विड्या वळणाऱ्या सोलापूरच्या मायमाउलीच्या हाती ती परवडेल अशा किमतीत पडेल का? परदेशी शोधाचे केवळ कौतुक करून हे घडणार नाही. आपल्या प्रयोगशाळांनी आणि कारखान्यांनी हे आव्हान स्वीकारले, तरच उरलेला प्रवास पूर्ण होईल.