नांदूर मध्यमेश्वरची पक्षी-सहल : आधी आवर्तन विचारा

(शेतकरी अभ्यास सहलीपूर्वी दिलेल्या भाषणावरून)



द्राक्षबागा आणि साखर कारखाने पाहायला आपण सहली काढतोच. या हिवाळ्यात एक दिवस नांदूर मध्यमेश्वरच्या पक्ष्यांसाठी ठेवावा. निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजी अमदानीत बंधारा झाला, तो पाटपाण्यासाठी. गोदावरीचे डावा आणि उजवा हे दोन्ही कालवे येथूनच निघतात. पुढे गाळ साचला, पाणी उथळ झाले, पाणवनस्पती माजल्या आणि पक्षी येऊ लागले. १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झाले. रामसर यादीत गेलेली महाराष्ट्रातील ही पहिली पाणथळ जागा. शेतीसाठी अडविलेल्या पाण्यानेच ती घडविली आहे.

परदेशातून येणारी बदके पाहायची तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पण नुसता महिना पाहून तारीख ठरवू नये. ही चूक मी स्वतः केली आहे. पहिल्या खेपेस विद्यार्थ्यांना घेऊन पोहोचलो तेव्हा अकरा वाजले होते. पाणी नुसते चकाकत होते, बदके मध्यभागी झोपलेली. चाळीस मुलांनी काळे ठिपके पाहिले. त्यातच गंगापूर-दारणेतून आवर्तन सुटलेले, चिखलाची बेटे पाण्याखाली गेलेली. काठावरचे एक शेतकरी म्हणाले, "सर, पाटाला पाणी सुटायच्या आधी यायचं होतं." हे मला कोणत्याही पुस्तकात सापडले नव्हते!

पाणी उतरले की चिखल उघडा पडतो. त्यातील किडे-अळ्या टिपायला तुतवार उतरतात, चमचे उथळ पाण्यात चोच फिरवितात. पाणी भरले की ही मंडळी पांगतात. तेव्हा आवर्तनाची तारीख पाटबंधारे कार्यालयात विचारूनच गाडी ठरवावी. मुक्काम निफाडला किंवा नाशिकला करून सूर्योदयापूर्वी चापडगावच्या बाजूला पोहोचावे. सूर्य पाठीशी राहील अशी जागा धरावी, म्हणजे चक्रवाकाचा नारिंगी रंग आणि तलवार बदकाची लांब शेपटी स्पष्ट दिसते. निफाडचा पारा आपण वर्तमानपत्रात वाचतोच, तेव्हा कानटोपी विसरू नये. पांढरे किंवा भडक कपडे नकोत. पाच-सहा जणांत एक दुर्बीण पुरते.

पाण्याइतकेच काठच्या शिवाराकडेही पाहावे. उसावरून, गवतावरून अगदी खालून तरंगत जाणारा भोवत्या उंदीर शोधत असतो. तो दिसला तर कोणत्या पिकावर, किती वाजता, हे वहीत टिपावे. घरी आल्यावर आपल्या शिवारात तो येतो का, हेही पाहावे. मात्र सगळेच पक्षी शेतकऱ्याचे मित्र असतात असे मी म्हणणार नाही. करकोच्यांचा थवा हरभऱ्यात उतरला तर नुकसान होते आणि ते सोसणारा माणूस तिथेच राहतो. त्याच्याशी जरूर बोला, राखण कशी करतो ते विचारा. फोटोसाठी त्याच्या पिकात मात्र शिरू नका.

नऊ-साडेनऊनंतर फारसे दिसत नाही. मग न्याहारी करून कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर जाता येईल. तेथे आधी कळवून ठेवावे.